हेल्मेट स्पष्ट, चाकाला फराटा: एका उजव्या वळणावरच्या पॅनिंगचं प्रकरण

मोटरसायकल शर्यतीत पॅनिंग, म्हणजे धावत्या बाइकबरोबर कॅमेरा फिरवत हळू शटरने फोटो काढणं, बिघडलं की पहिला संशय हातावर जातो, दुसरा शटरवर. या प्रकरणात दोन्ही निर्दोष होते. चूक उभं राहण्याच्या जागेत होती आणि ती सापडली ती बिघडलेल्या फ्रेम नीट वाचल्यामुळे. जागेचा हा हिशेब कुठल्याही सर्किटला लागू पडतो, म्हणून तो आकड्यांसकट मांडला आहे. आकडे सोयीसाठी पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत.

जागा आणि सामान

उजवीकडे वळणारं मध्यम वेगाचं वळण, त्रिज्या ८० मीटर. वळणाच्या मध्यावर बाइकचा वेग ३० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. या वेगाला आणि त्रिज्येला बाइक किमान ४९ अंश कलावी लागते. टायर रुंद असल्यामुळे प्रत्यक्षातला कल आणखी काही अंश जास्त असतो. फोटोग्राफर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, ग्रॅव्हलच्या (ट्रॅकबाहेरच्या खडीच्या पट्ट्याच्या) मागे, बाइकपासून २५ मीटरवर. फुल फ्रेम कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, ३०० मिमी लेन्स. या अंतरावर फ्रेममध्ये ३ मीटर रुंदी मावते. बाइकची लांबी दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे पुढे-मागे मोकळी जागा राहते आणि बाइक कापली जात नाही.

सरावाच्या पहिल्या सत्रात सेटिंग होतं शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ/१४, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. स्वच्छ ऊन होतं, म्हणून छिद्र एवढं बारीक. शटर मुद्दाम हळू ठेवलेलं. ताशी १०८ किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १६ फेरे मारतं. १/१२५ सेकंदात ते ४६ अंश फिरतं आणि चाकाच्या काड्या एकमेकींत विरघळून जातात. १/१००० ला तेच चाक सहा अंशही फिरत नाही, काड्या मोजता येतात आणि शर्यतीतली बाइक स्टँडवर लावल्यासारखी दिसते.

सत्र संपल्यावर बहुतेक फ्रेममध्ये एकच दोष आढळला. बाइकच्या पुढच्या काचेवरून दिसणारं हेल्मेट कडक स्पष्ट, इतकं की व्हायजरवरच्या (हेल्मेटच्या काचेवरच्या) टेअर-ऑफ, म्हणजे ओढून काढायच्या, फिल्मची कड वेगळी दिसावी. खाली पुढच्या चाकाच्या ॲक्सलचा, म्हणजे आसाचा, नट मात्र गोल राहिलेला नाही, त्याची आडवी रेघ झालेली. काही फ्रेममध्ये नेमकं उलट: नट गोल आणि हेल्मेट फराटलेलं. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट असलेली फ्रेम जवळजवळ नाहीच.

शटर वाढवून पाहिलं

दुसऱ्या सत्रात १/२५०. रेघ निम्मी झाली, पण पार्श्वभूमीचा फराटाही निम्मा झाला. मग १/५००. आता रेघ जेमतेम पाच पिक्सेलची, चालून जाईल अशी. पण मागचे जाहिरातफलक वाचता येऊ लागले, चाकाच्या काड्या दिसू लागल्या आणि वेग फोटोतून निघून गेला.

बहुतेक जण इथे थांबतात. १/३२० सारखी तडजोड धरतात आणि अर्धवट स्पष्ट, अर्धवट वेगवान फोटोंवर समाधान मानतात. ही तडजोड चुकीची आहे असं आमचं ठाम मत आहे, कारण ती दोषाचं कारण न शोधता दोष झाकते. शटर हळू असताना बाइकचे दोन भाग वेगवेगळे का पसरतात, हा खरा प्रश्न आहे.

बिघडलेली फ्रेम कशी वाचायची

फ्रेम १०० टक्क्यांवर उघडायची आणि बारीक, गोल, चमकणाऱ्या गोष्टी शोधायच्या: ॲक्सलचा नट, फेअरिंगचे (बाइकच्या बाहेरच्या आवरणाचे) स्क्रू, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, हँडलचं टोक. उन्हात प्रत्येकावर चमक असते आणि उघड्या शटरच्या काळात ती चमक कुठून कुठे गेली हे ती स्वतःच लिहून ठेवते.

फोकस चुकला असेल तर चमक सगळीकडून सारखी फुगते, तिची टिकली होते. रेघ होत नाही. हात हलला असेल तर रेघ तिरपी किंवा उभी पडते आणि बाइकभर सारखी असते. कॅमेऱ्याचा वेग बाइकपेक्षा कमी-जास्त झाला असेल तर रेघ आडवी पडते, पण तीही बाइकभर एकाच लांबीची. स्टॅबिलायझरने (हाताची थरथर शोषणाऱ्या यंत्रणेने) पॅनिंगला विरोध केला असेल तर सलग फ्रेममध्ये बाइक धक्क्याने मागे-पुढे सरकलेली दिसते. कॅनन आणि सोनीच्या लेन्सवर पॅनिंगसाठी मोड २ असतो. तो लावलेला होता, आणि स्टॅबिलायझर पूर्ण बंद करूनही दोष तसाच राहिला, म्हणून तो संशय तिथेच मिटला.

या फ्रेममध्ये रेघा आडव्या होत्या, पण त्यांची लांबी सारखी नव्हती. हेल्मेटपाशी ठिपका, टाकीपाशी छोटी रेघ, फेअरिंगच्या खालच्या स्क्रूपाशी त्याहून मोठी, ॲक्सलपाशी सगळ्यात मोठी, साधारण २० पिक्सेल. वरून खाली क्रमाने वाढत जाणारी. ना हात असा हलतो, ना स्टॅबिलायझर असं करतो. रेघ बाइकच्या उंचीबरोबर वाढते आहे, म्हणजे कारण बाइकच्या उभं असण्यात, नेमकं सांगायचं तर उभं नसण्यात आहे.

कललेली बाइक सपाट नसते

सरळ रस्त्यावर बाजूने पाहिलं तर हेल्मेट आणि चाक तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतात. बाइक कलली की हे मोडतं. ४९ अंश कलावर, चालक आतल्या बाजूला लटकलेला असताना, हेल्मेट आणि ॲक्सल यांच्यात आडवं अंतर ८० सेंटीमीटरच्या आसपास पडतं. मोटोजीपीत कल ६० अंशांच्या पुढे जातो, तिथे हा फरक मीटरभर होतो. बाहेरून पाहणाऱ्याला बाइक आपल्यापासून दूर कललेली दिसते: चाकं जवळ, हेल्मेट लांब. आणि जवळची वस्तू डोळ्यापुढून नेहमीच जास्त झपाट्याने सरकते. धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळचे खांब पळतात आणि लांबचे डोंगर रेंगाळतात, तेच इथे ८० सेंटीमीटरवर घडतं. कॅमेरा हेल्मेटच्या वेगाने फिरवला की चाक पुढे निसटतं, चाकाच्या वेगाने फिरवला की हेल्मेट मागे राहतं. दोन्ही एकाच वेळी धरणं कुठल्याही हाताला शक्य नाही.

आता वळणाचा भाग. बाइक स्वतःही फिरत असते. ८० मीटर त्रिज्येवर ३० मीटर प्रतिसेकंद म्हणजे सेकंदाला साडेएकवीस अंश. २५ मीटरवर उभं राहून बाइकमागे कॅमेरा फिरवायचा तर तो सेकंदाला ६९ अंश फिरवावा लागतो. वळणाच्या बाहेर उभं असाल तर बाइकचं फिरणं आणि तुमची नजर फिरणं एकमेकांच्या उलट असतं, म्हणून त्यांची बेरीज होते: तुमच्या डोळ्याला बाइक सेकंदाला सुमारे ९० अंशांनी वळताना दिसते. वळणाच्या आत उभं असाल तर दोघं एकाच दिशेने फिरतात आणि वजाबाकी होते: तेवढ्याच अंतरावर ४७ अंश. सगळा फरक या बेरीज-वजाबाकीत आहे.

९० अंशांचा हा वेग १/१२५ सेकंद टिकला की ८० सेंटीमीटर अंतरावरचं ॲक्सल हेल्मेटच्या तुलनेत १० मिलिमीटर सरकतं. ३०० मिमी लेन्सने २५ मीटरवरून ते सेन्सरवर ०.१२ मिलिमीटर होतं. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे २० पिक्सेल. फ्रेममध्ये दिसलेली रेघ तेवढीच होती.

जागा बदलली, शटर नाही

वजाबाकी शून्यावर आणायची तर वळणाच्या केंद्रबिंदूवर, ८० मीटर आत उभं राहावं लागेल. तिथून बाइक कायम सारख्याच अंतरावर आणि सारख्याच बाजूने दिसते. पण तेवढ्या आत बहुतेक ठिकाणी सर्व्हिस रोड असतो किंवा ट्रॅकचाच दुसरा तुकडा. या सर्किटवर आतल्या बाजूला ५० मीटरवर, दोन मीटर उंच मातीच्या बांधावर फोटोग्राफरना उभं राहण्याची परवानगी होती. तिथे ३०० ऐवजी ६०० मिमी लावली की फ्रेम पुन्हा ३ मीटरची.

५० मीटरवर कॅमेरा सेकंदाला ३४ अंश फिरतो. त्यातून बाइकचे साडेएकवीस वजा केले की १३ अंश उरतात. १/१२५ ला ॲक्सल १.४ मिलिमीटर सरकतं, सेन्सरवर जेमतेम ३ पिक्सेल. २० चे ३, शटरला हात न लावता. याच ५० मीटरवर बाहेरून उभं राहिलं असतं तर ५६ अंश आणि १२ पिक्सेल. नुसतं लांब जाऊन भागत नाही, आत जावं लागतं.

मग वेगाचा आभास कमी होतो का? लांबून कॅमेरा हळू फिरतो, तर पार्श्वभूमीही कमी फराटेल असं वाटतं. तसं होत नाही. कॅमेरा निम्म्या वेगाने फिरतो, पण लेन्स दुप्पट लांब आहे. दोन्हीकडून पार्श्वभूमी सेन्सरवर २.९ मिलिमीटर ओढली जाते, म्हणजे ४८० पिक्सेल, फ्रेमच्या रुंदीच्या आठ टक्के. शिवाय कॅमेरा जागेवरच फिरत असल्यामुळे मागचा जवळचा फलक आणि लांबचं झाड सारखेच ओढले जातात. बाइकचा फ्रेममधला आकार आणि शटर कायम असेल तर फराटा कायम राहतो, तुम्ही कुठेही उभे राहा.

आतल्या जागेचे आणखी दोन फायदे आहेत. बाइक तुमच्याकडे कललेली असते, त्यामुळे ट्रॅकला टेकलेला गुडघा, कोपराचं स्लायडर, टाकीवर दाबलेली मांडी हे सगळं समोर येतं. बाहेरून बाइकचं पोट दिसतं आणि चालक तिच्या आड जातो. दुसरा फायदा सुरक्षिततेचा: पुढचं चाक निसटलेली बाइक घसरत बाहेरच्या बाजूला जाते, आत नाही. तरीही आतली जागा निर्धोक मानू नये. वळणातून बाहेर पडताना मागचं चाक सुटून पुन्हा पकड घेतं तेव्हा चालक आणि बाइक कुठेही फेकले जाऊ शकतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असतानाही दुसरा डोळा उघडा ठेवायचा, जमिनीवर बसायचं नाही, मागे सरकायची वाट मोकळी ठेवायची, आणि मार्शलने (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने) हटायला सांगितलं की फ्रेम अर्धवट सोडून हटायचं.

नव्या जागेवरच्या अडचणी

पहिली अडचण गरम हवेची. दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा थरथरते आणि अंतर दुप्पट झालं की थरथरही वाढते. ही रेघ नसते, पिठूळपणा असतो, आणि तो एका फ्रेममध्ये असतो तर पुढच्या फ्रेममध्ये नसतो. बांधाची दोन मीटर उंची इथे कामाला आली, कारण नजरेची रेषा डांबराला चिकटून जात नाही. तरी पॅनिंगचं मुख्य काम सकाळच्या सत्रात उरकणं चांगलं.

दुसरी अडचण एफ/१४ ची. एवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश वाकून पसरतो आणि एक ठिपका तीन पिक्सेलएवढा होतो. जागा बदलून रेघ ३ पिक्सेलवर आणली आणि छिद्राने तेवढंच परत घेतलं, असं होऊ नये. शिवाय सेन्सरवरची धूळ आकाशात आणि फलकांवर काळे डाग होऊन उमटते, आणि पुढे जाळी असेल तर बारीक छिद्रात तिच्या तारा दिसू लागतात. उपाय साधा: दोन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांशावर आणणारा, एनडी (करडा) फिल्टर लावून छिद्र एफ/७ वर. ६०० मिमी एफ/४ सारख्या लेन्समध्ये तो मागच्या खाचेत बसतो, १५०-६०० सारख्या झूमला पुढे लावावा लागतो. जाळीतून काढायचं असेल तर लेन्सचा हुड जाळीला शक्य तितका जवळ न्यायचा आणि जाळीवर ऊन पडत नसेल अशी बाजू धरायची.

तिसरी अडचण इलेक्ट्रॉनिक शटरची. ती हल्ली फार जणांना गाठते. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली वाचायला १/६० सेकंद घेतो, त्यावर या वेगाचं पॅनिंग केलं तर वाचन पूर्ण होईपर्यंत पार्श्वभूमी ६ मिलिमीटर सरकलेली असते. २४ मिलिमीटर उंचीत ६ मिलिमीटर म्हणजे उभे खांब १४ अंश तिरपे. बाइक ठीक, मागचं जग कललेलं. मेकॅनिकल शटर लावायचं, किंवा सेन्सर झपाट्याने वाचणारा कॅमेरा वापरायचा. १/२५० ला वाचणाऱ्या सेन्सरवर तिरकेपणा साडेतीन अंशांपर्यंत खाली येतो.

६०० मिमी हातात धरून अठरा लॅप काढणं अवघड, म्हणून मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड. लेन्सच्या कॉलरचा स्क्रू किंचित सैल ठेवायचा आणि मोनोपॉड उभा आहे याची खात्री करायची. तो जरा जरी तिरपा असला तरी पॅन करताना क्षितिज एका बाजूने चढत जातं. पावलं बाइक येते त्या दिशेला नाही, तर जिथे शटर दाबायचं त्या दिशेला. कंबर आधी पिळायची, म्हणजे दाबण्याच्या क्षणी शरीर सुटत असतं, ताणत नसतं. आणि शेवटच्या क्लिकनंतरही कॅमेरा फिरता ठेवायचा. हात थांबवायचा विचार आला की तो आधीच मंदावलेला असतो, आणि चांगली फ्रेम नेमकी तिथे जाते.

वापरण्याजोगा कमानीचा भाग साधारण २० मीटरचा, म्हणजे सेकंदाचा दोन तृतीयांश. सेकंदाला १० फ्रेमने सहा-सात संधी मिळतात. फोकस सतत चालू, बिंदूंचा छोटा गट हेल्मेटवर. त्याहून मोठा गट ठेवला तर तो जवळच्या गुडघ्यावर किंवा कर्बच्या (ट्रॅकच्या कडेच्या) रंगीत पट्ट्यांवर उडी मारतो.

शर्यतीच्या दिवशी

आतली जागा निवडली की तिथेच अडकायला होतं. ट्रॅक ओलांडायचा तो बोगद्यातून किंवा पुलावरून, आणि बऱ्याच ठिकाणी फक्त दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत. त्यामुळे सुरुवातीची रांग आणि विजेत्याचा मंच या दोन्ही गोष्टींवर पाणी सोडावं लागलं. ते आधीच ठरवून दुसऱ्या कुणाकडे सोपवलं होतं.

पहिल्या तीन लॅपमध्ये पॅनिंग केलं नाही. घोळका एकत्र असताना पाच-सहा बाइक वेगवेगळ्या अंतरावर असतात. एक धरली की बाकीच्या फराटतात आणि चढाओढ दिसतच नाही. तिथे १/१०००, समोरून, एकामागोमाग एक आत शिरणाऱ्या बाइक. चौथ्या लॅपपासून घोळका विरळ झाला आणि १/१२५ वर काम सुरू झालं.

तरीही सगळ्या फ्रेम जमल्या नाहीत. बिघडलेल्या फ्रेम दोन जागी गोळा झाल्या होत्या. एक, चालक बाइक वळणात टाकतो तो क्षण: हेल्मेट सेकंदाच्या काही भागात खाली उतरतं, रेघ उभी पडते. दोन, बाहेर पडताना कर्बवर चढलेली बाइक: सस्पेन्शन खालीवर होतं, चाक स्थिर आणि चालक थरथरलेला, किंवा उलट. जागा बदलून यातलं काहीच सुटत नाही. उपाय एवढाच की शटर वळणाच्या मधल्या, कल स्थिर असलेल्या तुकड्यातच दाबायचं. बाइक एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पलटते त्या चिकेनमध्ये हळू शटरच्या नादी लागू नये.

नवख्या सर्किटवर त्रिज्या ठाऊक नसते. तेव्हा आकड्यांविना एक चाचणी पुरते. सरावाच्या सत्रात कॅमेरा न दाबता फक्त पाहायचं. बाइक वळणातून जाताना तिच्या दोन ॲक्सलमधलं अंतर व्ह्यूफाइंडरमध्ये वाढतं-घटतं का? आधी नाक, मग कूस, मग शेपूट असं दिसत असेल तर तुम्ही फार जवळ आहात किंवा बाहेर आहात. बराच वेळ कूसच दिसत राहिली तर जागा बरोबर. घट्ट हेअरपिनला, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणाला, ही जागा हाताशी असते. २० मीटर त्रिज्येला ताशी ५० किलोमीटरने जाणारी बाइक वीस मीटर आतून, २४० मिमीने, १/३० ला सुद्धा धरता येते, आणि मागचा फराटा ९०० पिक्सेलच्या पुढे जातो.

आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) शर्यतीसारख्या बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यांवर मात्र हा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. तिथे साठ किलोमीटरच्या माउंटन कोर्सवर पीटर हिकमन या चालकाने २०२३ मध्ये ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने, म्हणजे ताशी २१९ किलोमीटरने फेरी पूर्ण केली. भिंत, कुंपण आणि रस्ता यांत कधी कधी तीन मीटरही नसतात. तीन मीटरवरून ताशी १८० किलोमीटरची बाइक धरायची तर कॅमेरा सेकंदाला साडेनऊशे अंश फिरवावा लागेल. अशा जागी लांबून, समोरून काढलेलीच फ्रेम कामाची.

आपल्या वळणावर शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यानंतरची मंद फेरी उरली होती. मार्शल कर्बपर्यंत पुढे येऊन हात हलवत होते, बाइक निम्म्या वेगाने, जवळजवळ उभ्या येत होत्या. बाइक उभी असली की हेल्मेट आणि चाक पुन्हा सारख्या अंतरावर येतात. शटर १/६० वर आणलं, आणि एक हात उंचावून जाणाऱ्या विजेत्याच्या व्हायजरपासून ॲक्सलच्या नटापर्यंत चमकेचे सगळे ठिपके गोल निघाले.